चौरस कापला

माझे आतोबा वजनमापे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून जगात अचूक असं एकच माणूस उरलं, ते स्वतः. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी चमचा तळहातावर तोलून बघतात. लोक याला विद्वत्ता म्हणतात. मी खोड म्हणते.

आत्याचा जीव घेवड्यात. मुळं कुजवणाऱ्या रोगाला दाद न देणारा घेवडा करायचा म्हणून उमेदीची सगळी वर्षं तिने घरामागच्या वाफ्यांत घातली. या फुलाचा पराग त्या फुलाला, आलेलं बी पुन्हा पेरायचं, रोगट रोपं उपटून टाकायची. यंदा तो घेवडा साधला. पण नेमकी शेंगा काढायच्या वेळी हवा दमट राहिली आणि बी ओलं निघालं. ओलं बी साठवलं की संपलंच. म्हणून तिने परदेशी बनावटीचं जुनं वाळवणी यंत्र घेतलं. जाळीवर बी पसरायचं, खालून कोमट हवा सोडायची, एवढंच त्याचं काम. अशी यंत्रं बसवणं हा माझा धंदा, म्हणून मला बोलावणं आलं.

यंत्रावरच्या पितळी पाटीवर लिहिलं होतं, दर चौरस फुटातून तासाला दोनशे पाउंड हवा. पंख्याचं बटण मात्र मी नवं बसवलेलं, त्यावर आकडे दर चौरस मीटरला किलोचे.

“दोनशे पाउंड म्हणजे नव्वद किलो,” आतोबा लगेच म्हणाले. “तोंडपाठ आहे मला.”

“तेवढ्याने भागत नाही आतोबा. एका चौरस मीटरमध्ये जवळजवळ अकरा चौरस फूट मावतात. तेवढ्या पटीने हवा वाढवायला लागते. नऊशे शहात्तर होतात.”

“नऊशे! वादळ आणतेस काय घरात? अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी पाउंडांचे किलो करतोय.”

तेच तर दुखणं होतं. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला, त्यामुळे हवासुद्धा त्यांना पारड्यात घालायची वस्तू वाटत होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी यंत्रावर खडूने ९७६ लिहिलं, खाली दोन ठसठशीत रेघा ओढल्या आणि बटण तिथे आणून ठेवलं. आत्या जाळीपाशी उभी राहून बी चाळवत होती, मूठ भरत होती, सोडत होती. “बटणाला कुणी हात लावायचा नाही,” मी तिला बजावलं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मी दुसऱ्या कामावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर दारातच आंबूस वास नाकात शिरला. खडूचा आकडा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला. बटण नव्वदवर. ऊब भरपूर आणि वारा नावाला, त्यामुळे बी वाळण्याऐवजी रात्रभर वाफेत शिजत राहिलं होतं. मी एक दाणा चिमटीत दाबला. साल निघून हातात आली.

“काय केलंत हे?” मी ओरडलेच.

“हिशेब केला,” आतोबा शांतपणे म्हणाले. “एकीकडे चौरस फूट, दुसरीकडे चौरस मीटर. चौरस दोन्हीकडे आहे, म्हणून तो कापला. राहिले पाउंड आणि किलो. मूळ यंत्रातच खोट असणार.”

चौरस कापला म्हणे! शाळेत दोन्हीकडे सारखं दिसेल ते कापायला शिकले, आणि पुढे आयुष्यभर कापतच सुटले. अशा माणसाला खात्याने शिक्के मारायला ठेवलं होतं, आणि आम्ही त्या शिक्क्यांवर विश्वास ठेवून धान्य घेत होतो. मला हसू आलं असतं, पण समोर आत्याचा घेवडा सडलेला होता.

मी आत्याला शोधत आत गेले. ती ओट्याशी उभी होती, पुढ्यात एक पत्र्याची डबी. डबीत कोरड्या राखेत घोळलेलं मूठभर बी.

“तू निघालीस तेव्हाच काढून ठेवलं,” ती म्हणाली. “ह्यांच्या हातात काहीही देण्याआधी मी मूठभर बाजूला ठेवतेच. लग्न झाल्यापासूनची सवय आहे.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? मग हात का नाही धरलास त्यांचा?”

“धरला असता तर महिनाभर अबोला. तुला सोपं वाटतं गं.”

माझा सगळा राग आता तिच्यावर आला. एवढ्याशा मुठीतून पुन्हा पोतंभर बी व्हायला किती हंगाम जातील, आणि तितके हंगाम तिच्या गुडघ्यांत उरलेत का? नवरा रुसू नये म्हणून तिने आपलं आयुष्य शिजू दिलं होतं. मी तसं तिला तोंडावर म्हटलं.

तेवढ्यात आतोबा आत आले. डबी दिसताच चेहरा खुलला. “अरे वा, उरलंय की! आण इकडे. किती ऊन द्यायचं, मी हिशेब करून देतो.”

त्यांनी हात पुढे केला. आत्याने डबीला झाकण लावलं, दाबून बसवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

“हिशेब ही करेल,” ती म्हणाली. “आणि आता खुशाल रुसा.”