डबीत राहिलेला तिसरा तारा

मी एक जुना पितळी तारा आहे. आभाळातला नव्हे, मित्रांनो, खांद्यावरचा. लष्करी अधिकाऱ्याच्या वर्दीवर तारे चमकतात ना, त्यांतला मी एक. आता माझी टोके बोथट झाली आहेत आणि पाठीच्या स्क्रूचे आटे गुळगुळीत झाले आहेत. पण एके काळी एक अख्खे घर माझ्याकडे डोळे लावून बसले होते.

पितळेचा पत्रा साच्यात दाबून मला घडवले. कडा घासताना जीव नकोसा झाला, पण पॉलिश चढल्यावर मी असा हुरळलो की विचारू नका. आम्ही सहा भावंडे, तीन डाव्या खांद्याची आणि तीन उजव्या. एक तारा म्हणजे सेकंड लेफ्टनंट, दोन म्हणजे लेफ्टनंट आणि तीन म्हणजे कॅप्टन. मी डाव्या खांद्यावरचा तिसरा.

वर्दीचे सामान विकणाऱ्या दुकानातून आम्हाला एका बाईने घेतले. तिचा नवरा पूल बांधणारा, म्हणून सगळे त्याला पूलवाला म्हणत. नऊ वर्षे त्याने नद्यांच्या पात्रात खांब उभे केले. दिवसा काम, संध्याकाळी कॉलेज असे करत त्याने इंजिनियरची पदवी मिळवली आणि लगोलग लष्करात निवडला गेला. एवढा अनुभव गाठीशी, म्हणजे हा थेट कॅप्टनच होणार, असे नवरा-बायको धरून चालले होते. दुकानदार म्हणाला होता, "ताई, आधी हुकूम हातात येऊ द्या. तारे काही पळून जात नाहीत."

पण तिला धीर कुठला! ती नुसती हौस नव्हती. कुटुंबासाठी क्वार्टर मिळे ते कॅप्टन आणि त्याच्या वरच्यांना. तिसरा तारा म्हणजे तिघांचे एक घर. तिसरी म्हणजे त्यांची तीन वर्षांची मुलगी. त्या संध्याकाळी बायकोने आम्हा सहाही जणांना वर्दीवर बसवून पाहिले. पूलवाला आरशासमोर उगाच दोनदा वळला. मुलीने टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी तो भरती कार्यालयातून परतला, तो पडलेला चेहरा घेऊनच. तिथल्या मेजरांनी त्याला चहा पाजून सगळे नीट समजावले होते. पदवीमुळे अधिकारी होता येते. आधीचा अनुभव असला, तर सुरुवातच वरून होते. पण तो अनुभव पदवीनंतरचा हवा. "तुमची नऊ वर्षं खोटी नाहीत," मेजर म्हणाले होते, "पण ती पदवीच्या आधीची आहेत. नियमात बसत नाहीत." त्याच दिवशी दातांची एक तरुण डॉक्टरीण भरती झाली होती. पूलवाल्यापेक्षा बरीच लहान, पण तिला तीन तारे मिळाले. तिची इस्पितळातली वर्षे पदवीनंतरची, म्हणून ती धरली गेली होती.

 बायकोने वर्दी मांडीवर घेतली. आधी मला काढले, मग माझ्या खालच्याला. प्रत्येक खांद्यावर एकेकच तारा उरला. आम्ही चौघे बटणांच्या डबीत गेलो.

"मी पुढं जातो," तो म्हणाला. "तू मागून येशील ना?"

"येणारच," ती म्हणाली. "पण फार वाट बघायला लावू नका."

मित्रांनो, डबीतले जगणे काय सांगू! वर अंधार, अंगाला शिवणारी सुटी बटणे. बायको अधूनमधून झाकण उघडी, मऊ फडक्याने मला पुसी आणि हातात घेऊन नुसती बसून राही. मग मी पुन्हा आत. खांद्यावरच्या त्या एका संध्याकाळची ऊब आठवत मी पडून असे.

पूलवाला सुटीवर येई, पण किती? पाहुण्यासारखा. त्याच्या बरोबरीचे सगळे बाविशीतले, म्हणून ते त्याला काका म्हणत. एकदा तो दारात उभा राहिला, तर मुलगी आईच्या मागे लपली आणि हळूच म्हणाली, "आई, हे काका किती दिवस राहणार?" तो मोठ्याने हसला. तिकडेही मला काकाच म्हणतात, असे म्हणाला. मग मोरीत गेला, आणि नळाचे पाणी बराच वेळ वाहत राहिले.

पुढे दुसरा तारा मिळाला. डबीतला माझा शेजारी गेला, मी मागे राहिलो.

ती डॉक्टरीण आता त्याच्याच छावणीत होती. कवायतीच्या मैदानावर तो तिला सलाम ठोकी आणि मैदानाबाहेर ती त्याला दादा म्हणे. तिनेच त्याच्या मागे लागून फेरविचाराचा अर्ज करायला सांगितले. त्याला ते हात पसरल्यासारखे वाटे. सुटीवर आला तेव्हा त्याने हे बायकोला सांगितले.

"हात पसरू नका," ती म्हणाली. "हातांनी जे केलंय, ते दाखवा."

मग त्याने अर्ज केला. त्याच्या जुन्या वरिष्ठांनी त्याच्यासाठी साक्ष दिली. वरून निर्णय आला: नऊ वर्षांतली निम्मी बढतीसाठी धरावीत. मला न्यायला तो स्वतः घरी आला. बायकोने माझा स्क्रू आवळला. मुलगी तेव्हा सात वर्षांची झाली होती.

क्वार्टर दोन खोल्यांचे, रंग उडालेले. पण तिघांचे होते. पहिल्याच दिवशी संध्याकाळी पूलवाला कामावरून परतला. इतकी वर्षे तो एकट्याच्या खोलीचे कुलूप उघडून आत शिरत आला होता. जिना चढताना त्याचा हात आपसूक खिशात गेला. किल्ली काढून तो दारापुढे उभा राहिला आणि कुलूप शोधू लागला. आतून कांदा परतल्याचा वास येत होता. उंबऱ्याशी मुलगी गणिते सोडवत बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "दार उघडंच आहे."

त्याला आत पाऊल टाकवेना. शेवटी तिनेच पेन्सिल खाली ठेवून त्याचा हात धरला आणि त्याला आत ओढले. मी खांद्यावर होतो. त्याचा श्वास कसा वरखाली झाला, ते मला ठाऊक आहे.

पुढे तो मेजर झाला, ताऱ्यांच्या जागी मेजराचे वेगळे चिन्ह आले आणि आम्ही तारे उतरलो. आता मी त्या मुलीच्या टेबलाच्या खणात असतो. अंगावर हिरवट डाग पडू लागले आहेत. कुणी फडके फिरवले तर बरे वाटेल, पण माझे मागणे तेवढेच नाही. मित्रांनो, तुमच्यात कुणी उशिरा आलेला, वयाने थोराड असा शेवटच्या ओळीत दिसला, तर तो इथवर काय काय करून आला, हे त्याला वेळीच विचारा. पूलवाल्याची निम्मी वर्षे त्याला परत मिळाली. मुलीची ती चार वर्षे मात्र कुठल्याच नियमात बसवता आली नाहीत.