गर्भानंदांचा अंगारा

पंचवटीतल्या त्या बोळात सकाळी आठलाच ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या गर्भारणींची रांग लागे. साल सत्त्याण्णव, घरोघरी टीव्ही आलेला, अक्कल मात्र वाटेतच अडकलेली. गर्भानंद महाराज कपाळाला चिमूटभर अंगारा फासत, पंधरा दिवसांची पुडी हाती ठेवत आणि डोळे मिटून सांगत, "पोटातला जीव तीर्थाला निघालाय, माई. त्याला धक्का नको. उठण्याआधी अंथरुणातच मूठभर लाह्या खा, मग घटकाभर पडून राहा. फोडणीच्या वासाला जाऊ नको. दर दोन तासांनी दोन घास. अंगारा सरेस्तोवर हाच नेम." आणि खरंच बऱ्याच जणींना बरं वाटे. मग काय, बुवा देवाच्याही वर जाऊन बसले.

दवाखान्यातल्या नर्स लताबाईंना हे सोंग बघवत नसे. त्यांच्या शेजारची शुभांगी हार ओवणाऱ्या माळ्यांची सून, तिसरा महिना लागलेला. त्या घरची रीत अशी, की पहाटे चारला उठून देवळाचे हार ओवायचे आणि हार रवाना होईपर्यंत कुणी तोंडात काही घालायचं नाही. ओकाऱ्या थांबेनात म्हणून तिलाही महाराजांकडं नेलं, नेम पाळले, अन् अंगाऱ्याच्या पंधरा दिवसांत पोर सावरली. अंगारा सरला, सासू कमळाबाईंनी तिला पुन्हा उपाशीपोटी झेंडूच्या ढिगाशी बसवलं, अन् ओकाऱ्या दुपटीनं सुरू. महाराज म्हणाले, "गर्भातच दोष आहे. सुनेला माहेरी सोडा, परत आणू नका." कमळाबाईंनी तिची ट्रंक भरायला काढली.

लताबाई तडक घरात शिरल्या. आधी शुभांगीला तपासलं. पाणी पोटात टिकत होतं, एवढं बरं. मग म्हणाल्या, "कमळाबाई, आठ दिवस थांबा. माझ्याकडं अंगारा आहे. नेम मात्र सगळे तेच पाळा."

कमळाबाईंनी हात जोडून पुडी घेतली. आठव्या दिवशी शुभांगी वरणभात जेवली आणि तो पोटात राहिला.

नवव्या दिवशी सासू-सुनेला घेऊन लताबाई थेट महाराजांच्या रांगेपुढं उभ्या राहिल्या. "तो अंगारा म्हणजे माझ्या बंबातली राख होती."

महाराज श्रद्धेवर बोलू लागले. लताबाईंनी त्यांना पुरं करू दिलं नाही. "रिकाम्या पोटानं मळमळ वाढते, थोडं कोरडं खाल्लं की कमी होते. दवाखान्यात हे फुकट सांगतात. तुम्ही राखेत गुंडाळून सांगता."

"म्हंजे नुसत्या लाह्या अन् पडून राहणं?" कमळाबाई पुटपुटल्या.

"होय. हेच ती महिनाभर तुमच्याकडं मागत होती. तिनं मागितलं तेव्हा नखरे वाटले, बुवानं सांगितलं तेव्हा नेम झाला."

कमळाबाईंना सुनेकडं बघवेना.

लताबाई रांगेकडं वळल्या. "बायांनो, थोडं थोडं खा, उग्र वास टाळा, विसावा घ्या. चौथ्या महिन्यापासून बहुतेकींचं आपोआप थांबतं. पाणीसुद्धा टिकेना, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि सासवांनो, घरातली सून काय म्हणते ते ऐकायला मधे बुवा कशाला लागतो?"