वागियेम मावशीची बदकं

त्र्याऐंशी सालच्या ग्रहणाआधी आठवडाभर आमच्या गावात दुसरा विषयच नव्हता. मध्य जावातली सगळी गावं त्या सावलीखाली येणार होती. मी तेव्हा गावरक्षक होतो. खाकी टोपी, गळ्यात शिट्टी, आणि रुबाब फुकटचा.

वरून हुकूम आला होता: शनिवारी ग्रहण सुटेपर्यंत कुणी घराबाहेर पडायचं नाही, काय बघायचं ते टीव्हीवर बघा. हुकूम एवढाच. बाकीची भर गावानं घातली. कुणी म्हणालं, भिंतीच्या भोकातून ऊन आलं तरी डोळे जातात. कुणी गरोदर सुनेला राख फासून बाजेखाली झोपवायचं ठरवलं. पोनिमान सुतारानं तर दोन दिवस आधीच बकरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. बिचारी सगळ्या भिंतींना धडका देत हिंडत होती.

हसायचं काम नव्हतं. मी स्वतः खिडक्यांना दुहेरी चटया ठोकल्या होत्या.

शनिवारी सकाळी घराघरांतून फिरत मी वागियेम मावशीकडे पोचलो. आईची थोरली बहीण, एकटी बाई, एकशेवीस बदकं. लांब बांबू घेऊन ती निघायच्या तयारीतच होती.

"मावशी, आज बदकं आत ठेव. हुकूम आहे."

"त्यांना वाचता येत नाही रे, पार्जो."

"चेष्टा नको. सूर्याकडे बघितलं तर डोळे जातील."

"मग नाही बघत. इतकी वर्षं कधी बघत बसले होते का? उद्या कापणी झालेल्या त्या शेतात पाणी सोडणार आहेत. सांडलेला भात आज खाल्ला नाही, तर काय तुझा हुकूम चारू त्यांना?"

मी शिट्टी वाजवली. बदकं दचकली आणि थांबायच्या ऐवजी आणखी भराभर चालू लागली. "हां, असाच वाजवत राहा," मावशी म्हणाली आणि गेली.

अकराच्या सुमाराला सगळी दारं लागली. गावातला एकुलता एक टीव्ही लुराहांच्या घरी होता, तिथे बायाबापड्यांची ही गर्दी. लुराह पाक हार्सोयो गावचे प्रमुख, स्वभावानं घाबरट पण जबाबदारीचे. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुझी मावशी शेतात आहे म्हणे? जा, आण तिला. काही झालं तर जबाब मला द्यावा लागेल."

"मी जाऊ? आत्ता?"

"रक्षक कोण आहे?"

टोपीवरून टॉवेल घेऊन, नजर जमिनीवर रोवून मी निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चिंचेखाली उन्हाचे कवडसे पडले होते, आणि एकूण एक कवडसा कोयत्यासारखा वाकडा. ते बघण्याच्या नादात मी सरळ पाटात पडलो.

"आलास?" बांधावरून मावशी म्हणाली. "डोळे शाबूत आहेत ना? मग पाट दिसला कसा नाही?"

"घरी चल."

"पोटं भरू देत त्यांची."

पण ऊन विझत चाललं होतं. गार वारा सुटला. बदकांनी चरणं थांबवलं, माना वर केल्या आणि संध्याकाळ झाली समजून रांगेनं घराकडे निघाली. मावशीनं बांबू आडवा धरला, ओरडली, शिव्या घातल्या. एकही थांबेना. एवढ्या वर्षांत बदकांनी तिचं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं.

पाटावरच्या अरुंद फळीशी रांग पोचली, आणि दिवा फुंकावा तसा अंधार झाला. बदकं फळीवर चेंगरू लागली, काही पाण्यात पडली.

"पार्जो, उतर खाली! वाहून जातील!"

टॉवेल टाकून मी कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. एकेक बदक उचलून वर देत होतो, ती मोजत होती. भीती कुठे गेली कळलं नाही. हातात शेवटचं बदक घेऊन मी मान वर केली. सूर्य पुरता झाकला होता. काळी चकती, भोवती पांढरे पिंजलेले केस, आणि क्षितिजावर चहूकडे तांबडं. मावशीही बघत होती. तिचे ओठ मोजता मोजता थांबले होते.

मग चकतीच्या कडेला एक ठिणगी चमकली. मावशीनं बांबूनंच माझी टोपी डोळ्यांवर ओढली. "बास. खाली बघ. एकशेवीस झाली."

उजाडलं तशी बदकं गोंधळली, वळली आणि पुन्हा शेतात गेली. मावशीही गेली. सूर्य मावळेपर्यंत चारून मगच परतली.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावणं आलं. पाक हार्सोयो सगळ्यांसमोर खूप रागावले. मावशी शांतपणे म्हणाली, "शेतात आज पाणी सोडलंय. काल गेले नसते तर बदकं उपाशी असती. पुन्हा अशी वेळ आली तरी जाईन." पाक हार्सोयोंनी बाकीच्या सगळ्यांना घरी पाठवलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "कसं होतं गं?"

"टीव्हीवर बघितलंत की."

"टीव्ही काळा-पांढरा आहे. त्यात ऐन वेळी मुंग्याच आल्या."

मावशी खुर्ची ओढून बसली. "ह्याला विचारा. मी मोजत होते."

मी सांगायला लागलो. अर्ध्यावर आतल्या दाराचा पडदा हलला, लुराहांची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग."