साधनाच्या वाटचं ऊन

थोरल्या बहिणीनं, साधनानं, आपण होऊन बोलावलं असं नवसाच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं. म्हणून निरोप येताच तिनं मखमलाबादच्या मळ्यातली झेंडूची तोडणी अर्धी टाकली, ठेवणीतली साडी काढली आणि तिथं जमणाऱ्या बायकांसाठी शेवंतीचे गजरे करून पिशवीत भरले. बायकांची मीटिंग आहे, ये, आणि त्या गोळ्याही घेऊन जा, असा निरोप होता. नवसाचा जीव त्या गोळ्यांत होता.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात शाळेत पालकांना बोलावलं होतं. वर्गाच्या दारात बाईंनी नवसाच्या मुलीला, संजनाला, विचारलं, "आजी आल्यात का?" आणि संजना मान खाली घालून "हो" म्हणाली. बाईंना कशाला दोष द्यायचा? बत्तीस वर्षांच्या बाईचं तोंड वाळल्या आवळ्यासारखं झालं असेल तर बघणारा दुसरं काय समजणार? पण पोटच्या पोरीचं ते 'हो' नवसाच्या काळजात रुतून बसलं. ती साधनाजवळ रडली, तेव्हा साधना म्हणाली होती, "अगं, त्यावर औषध आहे माझ्याकडे."

साधनाचा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. साधना घरबसल्या तारुण्याच्या गोळ्या विकायची. तिच्या हाताखाली चार बायका, त्या चौघींच्या हाताखाली आणखी, अशी ती साखळी. दोन हजार चारच्या सुमाराला नाशकात अशा साखळ्यांचं पेवच फुटलं होतं.

मीटिंग गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये होती. माईक हातात आला की साधनाची भाषा पुण्याला जाऊन यायची. तिनं सुरुवातीलाच एक सफरचंद कापलं, एका फोडीवर लिंबू पिळलं, दुसरी तशीच ठेवली आणि बोलू लागली.

"आपल्या शरीरात फ्री रॅडिकल नावाचे कण असतात. त्यांचा जोडीदार हरवलेला असतो. म्हणून ते दुसऱ्याचा ओढतात, मग तो तिसऱ्याचा ओढतो. या ओढाताणीत कातडीखालची वीण उसवते आणि सुरकुत्या पडतात. सगळ्यात जास्त कण कशानं वाढतात? उन्हानं. अँटिऑक्सिडंट काय करतं, तर स्वतःजवळचं देऊन टाकतं आणि बाकीच्यांना वाचवतं."

तोवर कोरडी फोड तांबूस पडली होती, लिंबाची पांढरीच होती. बायकांनी माना डोलावल्या. नवसा शाळा सातवीत सोडलेली, पण स्वतःजवळचं देऊन टाकायचं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"नवसा, वर ये," साधनानं हाक मारली. गजरे वाटायला बोलावलं असेल असं वाटून नवसा पिशवी घेऊनच वर गेली. साधनानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. "हिचं माझं नातं ओळखा बघू."

"आई," पुढच्या रांगेतली म्हणाली. मागून कुणी "सासूबाई" म्हणालं.

"धाकटी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी लहान." हॉलभर कुजबुज झाली. "आई एक, बाप एक, दूधभाकर एक. फरक एवढाच, की मी या गोळ्या घेते आणि ही घेत नाही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. साधना गोळ्या घेऊ लागली ती गेल्या दिवाळीपासून. फरक त्याच्या कितीतरी आधी पडला होता, आणि तो कुणी पाडला हे दोघींनाही ठाऊक होतं.

नव्वद साली साधनाला स्थळं बघायला येऊ लागली. मुलगी उन्हात रापली तर नापसंत होईल, म्हणून बापानं, अण्णांनी, तिचं मळ्यात जाणं बंद केलं. ती घरात बसून दुधाची साय तोंडाला लावायची आणि तिच्या वाटची तोडणी, खुरपणी नवसा करायची. "हिचं उरकू दे, मग तुलाबी सावलीत बसवू," बाप म्हणायचा. साधनाचं उरकायला दोन उन्हाळे गेले. मग गरज सरो, वैद्य मरो. नवसाला शेजारच्या मळेकऱ्यानं मागणी घातली. तो तिला रोज बांधावरून बघतच होता, त्यामुळे बघण्याचा कार्यक्रमच झाला नाही आणि सावलीत बसणं राहूनच गेलं.

मीटिंग संपली. गोळ्यांसाठी बायकांची झुंबड उडाली. गजऱ्यांचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाहेर पायरीवर साधनानं नवसाच्या हातात गोळ्यांची एक डबी ठेवली. झालेल्या विक्रीनं साधनाचा चेहरा खुलला होता.

"एक ऐकशील? इतक्यात सुरू करू नकोस. पुढच्या महिन्यात कळवणला मोठी मीटिंग आहे, नंतर वणीला. तोपर्यंत तोंड असंच राहू दे."

नवसाला वाटलं, हिला थोबाडीत द्यावी. आजवर तिनं बहिणीवर हात उचलला नव्हता, आताही उचलला नाही. तिनं डबी परत साधनाच्या हातात दिली.

"ताई, यात निम्मं ऊन तुझ्या वाटचं हाय. ते तेवढं सांगायचं राहिलं बघ माईकवर."

"आता कशाला उकरून काढतेस ते? मी सांगितलं होतं का अण्णांना, तुला पाठवा म्हणून?"

"नाय. तू नुसती बसली."

साधना काहीतरी बोलणार होती, पण एवढ्यात पायरीवर ऊन आलं. ती पदर कपाळावर ओढून मागे सावलीत सरकली. नवसा तिथंच उभी राहिली आणि मग बसस्टॉपकडे चालू लागली.

ती घरी पोचली तेव्हा संजना टोपली घेऊन राहिलेल्या तोडणीला निघाली होती. आईला बघताच तिनं विचारलं, "आणल्या का गोळ्या?"

"नाय." नवसानं तिच्या हातातली टोपली काढून घेतली. "तू बस घरात, अभ्यास कर. ऊन लय हाय."

पोर दारातच घुटमळली. "आई, पुढच्या शनिवारी शाळेत परत बोलावलंय."

"यीन की." नवसानं डोक्याला फडकं गुंडाळलं. "कुणी इचारलं तर आजीच सांग. तुझ्या मावशीनं तर शंभर बायकांकडून मला तिची आई म्हणवून घेतलं."