तेजू ते चिपी, पावणेचार तास

रहाटणीच्या विलासरावांनी तीस वर्षं चाकणच्या कंपनीत लाइन सांभाळली आणि तीस वर्षं हाताखालच्या पोरांना एकाच गोष्टीवरून झाडलं. "मशीनवर किती वेळ लागतो ते सांगू नको, माल गेटबाहेर कधी पडेल ते सांग!" आणि लेकीच्या लग्नात स्वतः नेमकं तेच विसरले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

लेक रश्मी तिकडे अरुणाचलात, तेजूच्या विमानतळावर अग्निशमन दलात. तिची सुट्टी शनिवारपासून. होणारा जावई सनी मालवणकडचा. मंगळवारी जहाजावर चढला की नऊ महिने परत येणार नव्हता. त्याच्या गावानं श्रमदानातून बुद्धविहार बांधला होता, आणि त्यातलं पहिलं लग्न सनीचं व्हावं, ही व्याही उद्धवरावांची फार इच्छा. साखरपुड्यात विलासरावांनी ऐटीत मोबाइल काढला. तेजू ते मालवणजवळचं चिपी विमानतळ: सत्तावीसशे किलोमीटर, पावणेचार तास.

"शनिवारी दुपारी निघाली की रात्री जेवायला तुमच्याकडं! रविवारी सकाळी लग्न उरका," त्यांनी जीभ उचलून टाळ्याला लावली.

तिकीट काढायला बसले तेव्हा डोळे उघडले. मोबाइलनं नकाशावर सरळ रेघ मारून हिशेब सांगितला होता; तसं विमानच नव्हतं. तीन विमानं बदलत, मध्ये ताटकळत, पोरगी रविवारी सकाळी पुण्यात उतरणार. पुढे कोकण गाडीनं.

"पप्पा, पुढच्या वर्षी करू," रश्मी फोनवर रडायला लागली.

"अजिबात नाही. रविवारीच होणार."

पण व्याह्यांना सांगायचं काय? "विमान रद्द झालं म्हणू का?" त्यांनी हळूच विचारलं.

बायको कस्तुरा भाजी निवडत होती. "तुमच्या लाइनवर कुणी अशी थाप मारली असती तर?"

विलासरावांनी उभ्यानंच फोन लावला. "उद्धवराव, चूक माझी. नुसता उडायचा वेळ बघितला, पोचायचा बघितलाच नाही. लग्न संध्याकाळी करा, एवढं पदरात घ्या."

"किती वाजता पोचशात?"

"ते नाही सांगणार. एकदा सांगून तोंडघशी पडलोय. पण रविवार चुकवणार नाही."

"येवा. आमी थांबतलो."

रविवारी जुना सहकारी कुलदीप गाडी घेऊन पुण्याच्या लोहगाव विमानतळावर हजर होता. रश्मी गाडीत बसल्या बसल्या झोपली. कोल्हापुरात एका ओळखीच्या घरी पांढरी साडी नेसून झाली, वेणी कस्तुरानं चालत्या गाडीत घातली. फोंडा घाटात ट्रक आडवा होऊन रस्ता अडला तसे विलासराव उतरले आणि लाइनवर ओरडायचे तसेच ओरडत एकेक गाडी मागे घेऊन त्यांनी वाट काढली.

गावात शिरले तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. मांडवात एक खुर्ची रिकामी नव्हती. पातेल्यांवरची झाकणं तशीच होती, लहान पोरांखेरीज कुणी जेवलं नव्हतं. विलासरावांना भरून आलं. त्यांनी हात जोडले. "फार उशीर केला हो..."

उद्धवरावांनी ते जोडलेले हात धरून खाली घेतले.

"उशीर खंय? अजून रविवारच आसा."