डाव्या बाजूचा खटका

आबांची जीप चार दिवसांपलीकडे चालत नव्हती. बॅटरी चार्जिंगला टाकायची, आणून बसवायची, जीप सुरू व्हायची, आणि चौथ्या दिवशी स्टार्टर नुसता कण्हायचा. माझ्या धाकट्या भावानं, पंडितनं, शेवटी नवी बॅटरी आणली. तीही उतरली.

"अक्का, रविवारपर्यंत बघतो," तो म्हणाला. "नाहीतर मोहाडीचा भंगारवाला तयार आहे."

"विकू नकोस. मी जळगावला नेईन."

"ढकलत?"

आबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परतले होते, मी मात्र कॉलेजच्या ग्रंथालयातून आणखी आठवड्याची रजा घेऊन धुळ्याला थांबले होते. जळगावात मी दोन वर्षांपूर्वी गाडी चालवायला शिकले, ते आबा असेपर्यंत घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस देवपुरात यायचं, आबांच्या हातून किल्ली घ्यायची आणि त्यांना शेजारी बसवून पांझरेच्या पुलावरून न्यायचं, असं ठरवलं होतं. ते राहून गेलं. आता निदान जीप तरी माझी व्हावी, एवढंच हवं होतं.

आई अंगणात गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सिस्टरले इचार. तिले बठ्ठं माहीत शे."

"छगनभाऊंना बोलावलंय," मी म्हणाले.

सिस्टर म्हणजे वच्छलाबाई, सोनगीरच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. आबा त्या केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर होते. सोळा वर्षं लसीकरणाच्या फेऱ्यांना आबा उजवीकडे आणि ही बाई डावीकडे, मांडीवर लशींचा बर्फाचा डबा घेऊन. आबांचा नियम कडक होता. सरकारी गाडीत घरचं माणूस बसणार नाही. मी आठवीत असताना, उन्हाळ्यात, दप्तर डोक्यावर धरून शाळेतून पुलावरून घरी यायची, तेव्हा धुळ्याहून लशी घेऊन परत निघालेली जीप शेजारून जायची. आबा स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायचे. गाडी थांबायची नाही. सिस्टर मात्र मागं वळून माझ्याकडे पाहत राहायची, पूल संपेपर्यंत. त्या बघण्याचा मला जेवढा राग आला, तेवढा उन्हाचाही कधी आला नाही.

आबा निवृत्त झाले त्याच वर्षी जीप लिलावात निघाली. ती त्यांनीच घेतली आणि केंद्रानं महिन्याच्या भाड्यानं पुन्हा लावली. गाडी तीच, माणसंही तीच. जीप घरची झाली तेव्हा मी सासरी होते.

छगनभाऊ आग्रा रोडवरचे ऑटो इलेक्ट्रिशियन. आले ते सायकलवर, हँडलला पिशवी. आधी अंगठ्यानं फॅन बेल्ट दाबून पाहिला. सकाळीच चार्ज करून आणलेल्या बॅटरीचं पाणी पाहिलं, टोकं खरवडली. मग मला म्हणाले, "ताई, स्टार्ट करा आणि त्या मीटरचा काटा काय म्हणतो ते सांगा."

"मधे आहे. हलत नाही."

"लाइट लावा."

"मायनसकडे गेला."

"म्हणजे नुसता खर्च, आवक नाही. आता डायनॅमो कामचुकार आहे का बघू."

इंजिन बंद करून त्यांनी डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडल्या, त्या दोन टोकांवर तांब्याच्या तारेचा तुकडा गुंडाळला आणि एक बल्ब त्या तारेला आणि गाडीच्या अंगाला लावून धरला. मला पुन्हा स्टार्ट करायला लावलं, हळूच. बल्ब लखकन पेटला.

"डायनॅमो ठणठणीत. माल तयार होतोय, घरापर्यंत पोचत नाही." त्यांनी बॉनेटखालची काळी डबी दाखवली. "मधे हे कटाऊट बसलंय. इंजिननं वेग घेतला की दार उघडायचं, इंजिन बंद झालं की लावून घ्यायचं. नाहीतर बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाते."

डबीचं झाकण काढलं आणि ते थांबले. आत तीन कॉइल असायला हव्यात. दोन होत्या. तिसरीच्या जागी जाड वायरीची दोन टोकं जोडलेली होती, आणि त्या वायरी पत्र्यातून आत, डॅशबोर्डच्या मागं गेल्या होत्या.

"हे बिघडलेलं नाही. हे कुणीतरी केलंय," छगनभाऊ म्हणाले.

वायरीवरची टेप बोटांनी चाचपत ते जीपच्या आत गेले. डाव्या टोकाला, डॅशबोर्डच्या खाली, पितळी पात्याचा एक खटका होता. त्यांनी डायनॅमोच्या वायरी पुन्हा जोडल्या, मला स्टार्ट करायला लावलं आणि तो दाबला. काटा उडी मारून प्लसकडे गेला.

"हे आमच्या भाऊंचंच, तुमच्या आबांचं! कटाऊट जळलं असेल, सरकारी स्टोअरकडे मागणी केली असती तर सहा महिने. म्हणून हातानं चालवायचा खटका. गाडी पळायला लागली की चालू, थांबायच्या आधी बंद. विसरलं की सकाळी बॅटरी खलास." मग त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून हात लांब केला. गिअरच्या दांड्याच्या पलीकडे वीतभर अंतर उरलं. "पण एवढ्या लांब का? इथून हात पोचत नाही. भाऊ असं चुकायचे नाहीत."

आईनं सुपातले खडे बाजूला टाकले. "ते सिस्टरनं काम व्हतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"खटका बिटका माले काय माहीत? ती तठे हात लावे, इतलं माहीत. माले गाडी लागस, मी कव्हय बसनू?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटला तो हेवा, तोही लहान मुलीसारखा. माझ्या बापानं गाडीचं अर्धं काम त्या बाईच्या हातापाशी बसवून ठेवलं होतं.

"नवं कटाऊट मिळतं का?" मी विचारलं.

"मिळतं की. अर्ध्या तासाचं काम."

"अर्धा तास?"

"फार तर पाऊण."

सरकारी स्टोअरची अडचण समजण्यासारखी होती. पण गेली चार वर्षं जीप आबांची स्वतःची होती. घरातला नळ ठिबकला तर रात्री झोप न येणारा माणूस, त्याला चार वर्षांत अर्धा तास मिळाला नाही.

"आजच बसवा," मी म्हणाले. "आणि तो खटका काढून टाका."

पंडित ओट्यावरून बघत होता. "चालतोय ना खटका? जळगावला नेताना मी बसतो शेजारी."

"नको."

"अक्का, तुला गाडी हवीय की भांडण हवंय?"

"कुणाशी भांडू?" मी म्हणाले.

रविवारी दुपारी वच्छलाबाई दारात आल्या. पुण्यानुमोदनाला त्या मागच्या रांगेत बसून, कुणाशी न बोलता निघून गेल्या होत्या. आज आईजवळ बसल्या, दोघी हळू आवाजात रडल्या. चहा झाल्यावर आई मला म्हणाली, "तिले सोनगीरले सोडी ये. गाडी सुरू शे ना आते?"

नाही म्हणता आलं नाही. त्या बाईनं जीपचं डावं दार न बघता उघडलं आणि एका हालचालीत वर बसली, मी माझ्या घरात शिरते तशी. देवपूर मागं पडलं, मी तिसरा गिअर टाकला, आणि तिचा हात डॅशबोर्डखाली गेला. तिथं आता स्क्रूची दोन भोकं होती. बोटं त्यांच्यावरून फिरली.

"काढलं?"

"हो. नवं कटाऊट बसवलं. आता आपोआप होतं."

"बरं केलं." तिनं हात मांडीवर ठेवला. मग विचारलं, "खटका कुठं टाकला?"

"माहीत नाही." तो माझ्या पर्समध्ये होता.

नगावच्या पुढं रस्ता मोकळा होता. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आबांनी इतकी वर्षं नवं का बसवलं नाही?"

ती हसली. "डुलकी गं. पहाटे पाचला निघायचो आडगावांना. मला गाडीत बसलं की झोप. भाऊ म्हणायचे, सिस्टर, तुम्ही घोरायला लागल्या की मलापण झोप येते, मग दोघांचं पुण्यानुमोदन एकाच मांडवात. म्हणून मला कामाला लावलं. काट्याकडे बघा, गाव आलं की बंद करा. मी चारदा म्हटलं, नवं बसवा. म्हणायचे, बसवलं की तुम्ही झोपाल."

"मी जागी राहिले असते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"तुला शाळा होती ना, बाई."

"शाळेत पायी जात होते."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पुलावर मी दर वेळी म्हणायचे, थांबवा, पोरगी भाजतेय. भाऊ म्हणायचे, हिच्यासाठी थांबलो तर उद्या तुमच्या पोरासाठी थांबावं लागेल, परवा डॉक्टरसाहेबांच्या सासूसाठी. तोवर डब्यातला बर्फ राहील का? एकदा तर आम्ही सोनगीरपर्यंत बोललो नाही त्यावरून."

माझ्यावरून झालेलं भांडणसुद्धा त्या दोघांचं होतं. मी त्यातही नव्हते.

सोनगीरच्या फाट्यावर ती उतरली. दार लावताना म्हणाली, "नवं असलं तरी काट्याकडे बघत जा. आणि येत जा, बेटा. माझ्याकडे आता भाऊंचं बोलायला कुणी येत नाही."

मी "हो" म्हटलं. ती वाट बघेल हे मला कळत होतं, आणि मी येणार नाही हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला निघाले. आबांची पुस्तकांची पेटी मी डाव्या सीटवर ठेवली आणि सुतळीनं बांधली.

"मागं एवढी जागा आहे," पंडित म्हणाला. "पुढं कशाला? वाटेत कुणाला घ्यावं लागलं तर?"

"घेणार नाही," मी म्हणाले, आणि गाठ आणखी आवळली.