त्या विंडोपुरतं

त्या सकाळी टाचणीच्या वाट्याला काय यायचं होतं, ते आधी सांगून टाकावं: नोकरीत कायम झाल्याचं पत्र आणि थोरल्या भावाच्या ऑपरेशनची तारीख. दोन्ही एकाच सर्व्हरवर लटकलेलं.

टाचणी म्हणजे बारीक, टोकदार, हॉस्पिटलच्या वेबसाइटचा सर्व्हर सांभाळणारी. रोज सकाळी दहाला ऑपरेशनच्या तारखा खुल्या झाल्या की गर्दी उसळायची आणि सर्व्हर मान टाकायचा, कारण एका वेळी दोनशे छप्पन्न प्रोसेस, म्हणजे तेवढीच माणसं आत, एवढीच त्याला मुभा. "मर्यादा हजारावर न्या," साहेबांनी बजावलं होतं. काल संध्याकाळी तिने आपल्या कॉम्प्युटरवरच्या विंडोत तशी कमांड दिली, तिथूनच सर्व्हर सुरू केला आणि रिपोर्टात 'काम पूर्ण' ठोकून दिलं. पण अशी कमांड त्या विंडोपुरतीच, तिथून सुरू केलेल्या सर्व्हरलाच लागू होते. टिकायला हवी तर सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत लिहावी लागते. ते सकाळी लिहू, म्हणत ती घरी गेली. कायम व्हायला निघालेली बाई मर्यादा मात्र तात्पुरती ठेवून गेली!

सकाळी बस चुकली. दहाला पाच कमी असताना धापा टाकत आली, तर शेजारच्या टेबलावरचे मामा, निवृत्तीला तीन महिने उरलेले ऑपरेटर, खुशीत.

"ये गं. तुझा सर्व्हर रीस्टार्ट करून ठेवलाय. एकदम ताजातवाना!"

"कुठून केलात, मामा?"

"कुठून म्हणजे? माझ्या खुर्चीवरून!"

मामांच्या विंडोत जुनीच मर्यादा. तिने फाइल उघडली, तोच साहेब पाठीशी येऊन उभे राहिले. तिने ती झटकन मिटली.

दहा वाजले. स्क्रीनवर आकडा चढू लागला. दोनशे चाळीस. दोनशे छप्पन्न. आकडा तिथेच गोठला.

फोन थरथरला. वहिनी.

"अगं, पान नुसतं फिरतंय. डॉक्टर म्हणालेत, पंधरा दिवसांपलीकडे थांबायचं नाही. बघ ना काहीतरी!"

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

"मर्यादा वाढवलीस ना?" साहेबांनी विचारलं.

"हो... कालच."

"मग मामा, तुम्ही काय करून ठेवलंत?"

"मी आपलं रोजचंच केलं हो, साहेब."

काम अर्ध्या मिनिटाचं. पण साहेबांदेखत फाइल उघडली, की काल तिथे काही लिहिलंच नव्हतं हे उघड. तिने हात कीबोर्डवरून काढून घेतले. साहेब हलेनात. आत शिरलेले लोक पटापट तारखा उचलत होते. चाळीस उरल्या. बावीस. नऊ.

अकराव्या मिनिटाला साहेब फोन घ्यायला बाहेर गेले. तिने फाइलीत लिहिलं, सर्व्हर रीस्टार्ट केला. आता हजार माणसं सुखाने आत आली. तारीख एकही उरली नव्हती.

साहेबांचं काही गेलं नाही. मामांना तीन महिने राहिले असताना पहिली लेखी ताकीद मिळाली. टाचणीला चार वाजता पत्र मिळालं. भावाला दुसऱ्या दिवशी तारीख मिळाली, सात आठवड्यांनंतरची.

"तू तिथे आहेस म्हणून एवढी तरी मिळाली गं," वहिनी म्हणाली.